सूचना : जुन्या रंगखात्याच्या जागेतील मातीची तपासणी

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, गिरणीच्या जुन्या रंगखात्याच्या जागेवर नव्या इमारतीच्या पायासाठी खणलेल्या चाचणी-खड्ड्यात चार फुटांवर जांभळट काळा चिखल लागला असून त्याला फर्नेस ऑइलचा (भट्टी-बॉयलरमध्ये जाळण्याच्या जाड तेलाचा) उग्र वास येत असल्यामुळे, माती व भूजलाचा तपासणी अहवाल हाती येईपर्यंत खोदकाम थांबविण्यात आले आहे.

वरची दोन फूट माती बदलून भागेल, असे विकासकाचे म्हणणे आहे. आम्हांला ते पटलेले नाही. शिसे व क्रोमियमसारखे जड धातू आपोआप विरून नाहीसे होत नाहीत आणि मुंबईच्या पावसाळ्यात भूजल वर चढले की खालचे प्रदूषण पाण्याबरोबर बाजूच्या जागेतही पसरू शकते. केंद्र सरकारने २०२५ साली प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनासाठी नियम अधिसूचित केले असून, प्रदूषण करणाऱ्याकडूनच सफाईचा खर्च वसूल करण्याची तरतूद त्यांत आहे. म्हणून हा खर्च सभासदांच्या माथी मारणाऱ्या कोणत्याही पत्रावर तूर्त सही करू नये.

बोअरवेलचे पाणी अहवाल येईपर्यंत पिण्यासाठी तर नाहीच, पण भाजीच्या कुंड्यांनाही घालू नये. शेडचे सिमेंटचे जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे (श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास घातक ठरणाऱ्या तंतुमय खनिजाचे) असल्याने ते फोडू नयेत वा भंगारवाल्यास देऊ नयेत (मागच्या आठवड्यात दोन पत्रे परस्पर गेले आहेत). ते ओले करून, अखंड उतरवून घातक कचरा म्हणूनच पाठवावे लागतील. मुलांना या जागेच्या कुंपणाबाहेरच ठेवावे.

सचिव