औषधांच्या काउंटरपलीकडच्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

‘थायरॉइडची गोळी सुरू झाली, आता वजन उतरणारच’ ही आमची समजूत तुम्ही गोड बोलून, पण स्पष्टपणे खोडून काढलीत, त्याबद्दल मनापासून आभार. थायरॉइड मंदावल्याने वाढणारं वजन बहुतेकांत 2 ते 5 किलोच्या आसपास असतं, आणि त्यातही चरबीपेक्षा मीठ-पाणीच जास्त. संप्रेरक कमी पडलं की त्वचेत हायल्युरॉनिक आम्लासारखे पदार्थ साठतात, ते पाणी धरून ठेवतात. म्हणून तर सकाळी पापण्या सुजतात, अंगठी घट्ट होते. विश्रांतीत जळणाऱ्या कॅलरीही घटतात, हे खरंच. पण वाढलेले 20 किलो सगळेच्या सगळे थायरॉइडच्या खात्यावर टाकता येत नाहीत. गोळी लागू पडली की साठलेलं पाणी उतरतं. उरलेल्या वजनासाठी खाण्याकडे आणि चालण्याकडेच बघावं लागतं. ऐकायला कडू आहे, पण कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

गोळीच्या वेळेबाबत तुम्ही जरा कडकच आहात, आणि ते बरंच आहे. लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे आमची ही थायरॉइडची गोळी, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर; चहा-कॉफी, नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी 4 तासांच्या अंतराने, कारण ती आतड्यातच थायरॉक्सिनला बांधून टाकते. हे पाळलं नाही की टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं, रक्ततपासणीत मोजतात ते संप्रेरक) चढतो, डोस विनाकारण वाढतो. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेणाऱ्यांना तपासणीआधी किमान 2 दिवस ते बंद ठेवायला सांगता, तेही योग्यच: काही चाचण्यांत त्याने टीएसएच खोटाच कमी दिसतो.

डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत रक्त द्यायला निघालेल्यांनाही तुम्हीच थांबवता. या औषधाचं अर्धआयुष्य, म्हणजे शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा काळ, सुमारे 7 दिवसांचं, त्यामुळे 6 ते 8 आठवड्यांआधीचा टीएसएच अर्धवट चित्र दाखवतो.

सगळ्यात जास्त आभार मात्र तुमच्या नकाराचे. लवकर बारीक व्हायला स्वतःच्या मनाने दीड गोळी घेऊ पाहणाऱ्यांना तुम्ही सरळ डॉक्टरांकडे पाठवता. जादा थायरॉक्सिनने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हाडं विरळ होतात, आणि काटा खाली आलाच तर त्यात स्नायूही झडलेले असतात.

पाकिटावर पेनाने ठळक ‘4 तास’ लिहून देता ना, ते चालू ठेवा. आम्ही वाचतो.

आपले,
रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेणारे