पर्समधलं पिस्तूल आणि परकराची नाडी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकांच्या पत्रांत मध्यंतरी एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की दिवस असे आलेत, आता प्रत्येक बाईच्या पर्समध्ये पिस्तूल हवं. हेतू चांगला असेल. पण या गृहस्थांनी बाईची पर्स आतून कधी पाहिलेली नाही, एवढं त्यांच्या पत्रावरून कळतं. मी पाहिली आहे, आणि तिच्यात रिव्हॉल्वर ठेवूनही पाहिलं आहे. म्हणून हे पत्र.

माझं वय एकोणसाठ. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, आमचं चांदीचं छोटं दुकान आहे. आठवड्यातून दोनदा चांदीचे दागिने घडवणाऱ्या हुपरीला जाणं-येणं असतं. जाताना मोड, म्हणजे जुनी चांदी, आणि रोकड, येताना पैंजण, जोडवी, करंड्या. आमच्या ह्यांच्याकडे १९९८ पासून परवान्याचं रिव्हॉल्वर होतं, कानपूरचं, बत्तीस बोअरचं. २०१७ मध्ये हे गेले. रिव्हॉल्वर पोलीस ठाण्यात जमा झालं. मग वारसांची ना-हरकत, जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज, पोलिसांची चौकशी, डॉक्टरांचा दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला. दीड वर्ष हेलपाटे घातल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. मुलगा म्हणाला, "आई, कशाला हे झेंगट?" हुपरीच्या रस्त्याला तो येत नाही, मी जाते, एवढंच मी त्याला सांगितलं.

प्रशिक्षणात खूप काही शिकवलं. काडतुसं भरायची कशी, काढायची कशी, नळी कुणाकडे कधीच वळवायची नाही, गोळी झाडायची नसेल तोवर चापावर बोट न्यायचं नाही. शस्त्र अंगावर बाळगायचं कसं, याला मात्र पाच मिनिटं मिळाली, तीही पुरुषाच्या पँटीवर आणि पुरुषाच्या पट्ट्यावर. मी विचारलं, "साडीवर कसं लावायचं?" वर्ग हसला. शिकवणारे म्हणाले, "मॅडम, तुम्ही आपलं पर्समध्ये ठेवा."

ठेवलं. पर्समध्ये चष्म्याची डबी, दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा, कंगवा, बी.पी.च्या गोळ्या, पावत्या आणि त्यात हे पाऊण किलोचं धूड. तिसऱ्या दिवशी किल्ल्या शोधायला हात घातला, तर जुडग्यातली कपाटाची लांब किल्ली चापाभोवतीच्या कडीत शिरून बसलेली. मी जागच्या जागी गार पडले. त्यानंतर पर्सकडे नीट पाहायला लागले. पर्स मी दुकानात काउंटरवर ठेवते, देवळात खांबाशी ठेवते, लग्नात शेजारणीच्या मांडीवर ठेवते. चोर पहिला हात घालतो तो पर्सलाच. पर्स गेली की पैशांबरोबर रिव्हॉल्वरही त्याच्याच हातात.

शस्त्र नियम २०१६ मध्ये याबद्दल स्पष्ट लिहिलेलं आहे. सार्वजनिक जागी पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर न्यायचं तर ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये, म्हणजे शस्त्राच्या म्यानात हवं. पाठीवरच्या पिशवीसारख्या साधनालाही तिथे जागा आहे, म्हणजे पर्सवाल्यांना पळवाट सापडेल. पण पुढची अट अशी, की शस्त्र पूर्ण झाकलेलं हवं आणि ते बाळगणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा हवा. शेजारणीच्या मांडीवरच्या पर्सवर माझा कसला ताबा?

मग ह्यांचं जुनं होल्स्टर काढलं. दुकानदार त्याला नुसतं 'कव्हर' म्हणतात. वीस वर्षांत चामडं वाळक्या भेंडीसारखं झालेलं, तोंड आत मिटलेलं. अशा मिटलेल्या तोंडात रिव्हॉल्वर खुपसताना चामड्याची घडी चापावर दाबली जाऊ शकते. कव्हरचं पहिलं काम चाप झाकणं, दुसरं काम शस्त्र पडू न देणं. ऐटीचा नंबर फार नंतरचा. बाजारात मिळणारी नायलॉनची कव्हरं 'सगळ्या मापांना चालतात' असं सांगून विकतात. सगळ्यांना चालणारं म्हणजे कुणालाच न बसणारं, हे चपला विकणाऱ्या गावाला सांगायला नको.

ह्यांचं बरं होतं. हे सफारी घालायचे. जाड कापड, शर्ट बाहेर, खाली सरळ पडणारा, बाजूला चिरा नाहीत. आत दीड इंची दणकट पट्टा आणि पँट कमरेला एक इंच सैल शिवलेली. रिव्हॉल्वर उजव्या कुशीला असायचं आणि आमच्या दुकानातल्या नोकरालाही पत्ता लागायचा नाही. आता मी लग्नाकार्यात पोरं बघते. अंगाला चिकटलेला टी-शर्ट, पिस्तुलाची मूठ मुद्दाम वर काढलेली आणि शेजारी कॅमेरा धरलेला मित्र. एकदा तर वरातीत हवेत बार काढलेला मी गच्चीतून पाहिला. लोकांचा जीव धोक्यात घालून असा आनंद साजरा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरदेवाच्या बापाला हे कुणी सांगितलेलं नसतं.

असो, माझा प्रश्न साडीचा होता.

सहावारी साडीला पट्टा नाही. सगळा भार परकराच्या नाडीवर. सातशे ग्रॅमचं रिव्हॉल्वर, वर काडतुसं आणि कव्हर, हे सगळं नाडीला अडकवलं तर महाद्वार रोड संपेपर्यंत परकर कुठवर उतरेल, याचा अंदाज बायकांना येईल. दुसरी अडचण साडीच्या रचनेतच आहे. पदर उजव्या बाजूने येऊन छातीवरून डाव्या खांद्यावर जातो. म्हणजे उजवी कंबर कापडाखाली बंद आणि डावी उघडी. उजव्या कुशीला रिव्हॉल्वर लावलं तर साडी सोडल्याशिवाय हात पोहोचत नाही. डावीकडे लावलं तर पदर सरकला की जगाला दिसतं. पदर खोचावा, तर तो कव्हरवरच आवळला जातो. कामाला लागताना पदर खोचायची चाळीस वर्षांची सवय, ती मोडायला मला दोन महिने लागले.

जाऊबाईंनी सुचवलं, बाळंतपणानंतर पोटाला बांधतात तसला रबरी पट्टा घे. तसे पट्टे शस्त्रासाठीही मिळतात. मी घेतला. वजन छान पेलतो, पण नुसतं ताणलेलं कापड चाप झाकत नाही, ते फक्त चापावरून जातं. वरून बोट दाबलं तर चाप दबतो. रिकाम्या रिव्हॉल्वरवर मी स्वतः दाबून पाहिलं आणि तो पट्टा काढून ठेवला.

शेवटी चप्पल लाइनला गेले. तिथे एक जुने कारागीर आहेत, आमच्या घरच्या चपला तीन पिढ्या त्यांच्याकडच्या. त्यांना म्हटलं, "दादा, चप्पल नको, कव्हर शिवायचंय." कशाचं ते सांगितल्यावर त्यांनी आरी खाली ठेवली. "वहिनी, वस्तू हिकडं आणू नका." बरोबर होतं त्यांचं. परवान्याचं शस्त्र दुसऱ्याच्या ताब्यात देणं हाच गुन्हा. मग मी घरी कागदावर रिव्हॉल्वर ठेवून पेन्सिलीने आकार काढला, जाडी कॅलिपरने मोजली, आणि आमच्या साचे करणाऱ्या पोराने त्यावरून सागवानी लाकडाचा नमुना कोरून दिला. चामडं ओलं करून त्या लाकडावर दाबून बसवलं, दोन दिवस सावलीत वाळवलं. कोल्हापुरीचंच चामडं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. रसायनात कमावलेल्या चामड्यातले क्षार पोलादाला खातात, म्हणून कव्हरला असंच साल-हिरड्याचं चामडं चांगलं, हे मला त्यांनीच सांगितलं. त्यांचं आणि बंदुकीचं आयुष्यात काही नातं नव्हतं, चामड्याचं मात्र होतं. तोंडाला त्यांनी जाड पट्टी शिवली, म्हणजे रिव्हॉल्वर बाहेर असतानाही तोंड मिटत नाही. वर बटणाची फीत. आणि सगळं मिळून चार बोटं रुंद कॅनव्हासच्या पट्ट्यावर टाचलं. पट्टा परकरावरून बांधायचा. भार कमरेच्या हाडावर येतो, नाडीवर नाही.

जागा डावीकडे, थोडी पुढे, मूठ उजव्या हाताकडे. मागे मणक्यावर लावायचा सल्लाही मला एकाने दिला होता. पाय घसरून पाठीवर पडलात तर लोखंड थेट मणक्यात. पावसाळ्यात गुजरीच्या फरशीवरून चाललेल्या माणसाने असा सल्ला दिला नसता.

मग कपडे. जॉर्जेट आणि सिंथेटिक बाद, ती अंगाला चिकटून मुठीचा ठसा दाखवतात. एकरंगी फिकट साडीही नको. इरकल उत्तम, तिला स्वतःचं वजन आहे. कडक सुती साडी चालते. पदर डाव्या खांद्यावर एक पिन आणि कमरेपाशी मागे एक पिन, म्हणजे वाऱ्याने उडत नाही. हुपरीला जाताना मी आता बहुतेक पंजाबी ड्रेसच घालते. आमच्या शिंपिणीने सलवारीला नाडीऐवजी पट्टा आणि तो ओवायला लूप लावून दिले आणि कमीजचे साइड कट चार इंच खाली घेतले. "काकू, फॅशन जुनी दिसंल," म्हणाली. दिसू दे.

नाडीचं एक सांगायचं राहिलं, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रिव्हॉल्वर कव्हरमध्ये परत ठेवताना न बघता ठेवू नये. परकराच्या नाडीचं लोंबतं टोक, पदराची किनार, ओढणीचा गोंडा, यातलं काहीही चापाच्या कडीत शिरतं आणि वरून आपण दाबतो. पुरुषांच्या जॅकेटच्या दोरीनेही हेच होतं. मी नाड्यांची टोकं कापून आत शिवून टाकली आहेत. घरी रिकाम्या रिव्हॉल्वरवर, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, पाटावर बसणं, जिना चढणं, वाकून कुलूप लावणं, सगळं करून पाहिलं. वाकल्यावर मूठ साडीतून वर येते हे तेव्हाच कळलं.

आपल्या गावाचं नेमबाजीत नाव आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण घेतलं, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला कांस्य. पण खेळातलं शस्त्र पेटीतून रेंजवर जातं आणि पेटीतूनच घरी येतं. अंगावर वागवण्याची विद्या वेगळी, ती त्यांच्याकडून मागणं चूक. ती शिकवायची कुणी, तर दाखला देणाऱ्या वर्गांनी. आणि बायका तिथे येतात हे आता गृहीत धरायला हवं.

कारखानेही त्यातलेच. २०१४ साली कानपुरातून खास बायकांसाठी 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्वर निघालं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, अर्ध्या किलोचं, किंमत सव्वा लाखाच्या घरात. ते मिळायचं दागिन्यांच्या मरून डबीत. गुजरीतल्या बाईला त्या डबीचं हसू आलं. दागिना आम्हीही डबीतच देतो, पण तो कुठे बसणार हे आधी ठरलेलं असतं. पैंजणाला फासा असतो, कर्णफुलाला मळसूत्र असतं. या डबीतली वस्तू बाईने अंगावर कुठे अडकवायची, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आजवर रस्त्यात रिव्हॉल्वर एकदाही बाहेर काढावं लागलेलं नाही. एस.टी.ने जाताना मी ते नेत नाही, अंबाबाईला जाताना नेत नाही, लग्नाला तर नाहीच. पावसाळ्यात रेनकोटच्या आत घाम धरतो आणि एका रात्रीत नळीवर तांबूस ठिपके येतात, म्हणून घरी आल्या आल्या काडतुसं काढून तेलाच्या फडक्याने पुसायचं. चामड्यात ओल राहते, तेव्हा कव्हर वेगळं वाऱ्यावर आणि रिव्हॉल्वर वेगळं, कुलपात. आधी मी थोडी आळशी होते, चहा घेऊन मग काढू म्हणायचे. एका संध्याकाळी नात धावत येऊन कमरेला बिलगली आणि म्हणाली, "आज्जी, तुझ्या पोटाला काय लागलं?" तेव्हापासून चहा नंतर.

पत्र छापलंत तर नाव छापू नये ही विनंती. गुजरीत कुणाच्या कमरेला काय आहे ते चोरांनी पेपरात वाचायला नको.

चप्पल लाइनच्या दादांनी कव्हरचे पैसे घ्यायला आधी नाही म्हटलं, मग घेतले. बिल करताना पेन थांबलं. "वहिनी, हितं काय लिहू?"

"कव्हर लिहा."

"कशाचं?"

मी काही बोलले नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, 'चामडी काम, १ नग, साडीवरचं.' ते बिल परवान्याच्या पुस्तकात ठेवलेलं आहे.

आपली,
गुजरीतील एक वाचक, कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)