कार्डाचे पैसे भरले, पण जमा कधी?

क्रेडिट कार्डाचे बिल मुदतीत भरूनही ते तीन-चार दिवस जमाच दिसत नाही आणि पुढच्या बिलात विलंब शुल्क, व्याज व त्यावर जीएसटी हजर असतो. रावेर-यावल पट्ट्यात हंगामात खते, डिझेल कार्डावर घेणाऱ्यांना हा भुर्दंड फार जाचतो. 'मध्ये रविवार आला' हे कंपन्यांचे उत्तर पटणारे नाही. एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याची व्यवस्था, डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सुटीच्या दिवशीही चालते. दर अर्ध्या तासाला तिची फेरी सुटते. रक्कम अडकते ती बहुधा कंपनीच्या आतल्या नोंदीत!

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक थकबाकी राहिली तरच विलंब शुल्क लावता येते, तेही फक्त थकलेल्या रकमेवर. हे कॉल सेंटरवाले आपणहून सांगत नाहीत.

तक्रार ईमेलनेच करावी. सोबत यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेने दिलेला क्रमांक (यूपीआयचा असल्यास बारा आकडी संदर्भ क्रमांक) आणि पैसे वळते झाल्याची पासबुकातील नोंद जोडावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, थकबाकी चढली नाही ना, हेही पाहावे.

पैसे मिळाल्याची आणि खात्यात जमा केल्याची, अशा दोन्ही तारखा बिलावर छापणे रिझर्व्ह बँकेने सक्तीचे करावे.

– एक कर सल्लागार, जळगाव