अप्पांशी बोलत राहिलेल्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही. चारचौघांत नाव घेतलेलं तुम्हाला आवडणार नाही असं वाटतं. पावसाळ्याच्या तोंडी सोलापूरच्या पूर्वभागातले एक यंत्रमाग कामगार कारखान्यातून थेट तुमच्या कॅथ लॅबच्या, म्हणजे हृदयाच्या नसा तपासून मोकळ्या करतात त्या खोलीच्या, दाराशी आले होते. केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू तसेच होते. ते माझे वडील, आमचे अप्पा. डॉक्टरांचे आभार आम्ही तिथेच मानले. तुम्ही मात्र तोवर पुढच्या पेशंटकडे गेला होतात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

छातीत दुखलं की आमच्याकडे आधी पित्तच म्हणतात. अप्पाही सोडा पिऊन मागावर उभे राहिले होते. घाम बघून जॉबरनं, म्हणजे मागांची देखरेख करणाऱ्यानं, त्यांना रिक्षात घातलं, हे त्याचे उपकार. ईसीजीत मोठा अटॅक निघाला. डॉक्टर म्हणाले, अँजिओग्राफी करून लगेच तिथल्या तिथे अँजिओप्लास्टी करावी लागेल. तेवढ्यात नातेवाईक जमले. एकजण म्हणाला, बायपासच बरा. दुसरा म्हणाला, एकदा आत नेलं की स्टेंट टाकल्याशिवाय सोडत नाहीत. तिसऱ्याला पुण्याला न्यायचं होतं. माझ्या हातात संमतीचा कागद होता आणि डोकं सुन्न झालं होतं.

तुम्ही शिशाचा तो जड ॲप्रन अंगावर तसाच ठेवून बाहेर आलात. म्हणालात, "ताई, नस बंद आहे तोवर हृदयाचा स्नायू मरत जातो. पुणे अडीचशे किलोमीटर आहे." मग कुणालाही न दुखावता, दोन-तीन वाक्यांत सगळं सांगितलंत. मनगटातून बारीक नळी हृदयापर्यंत जाते. तिच्यातून औषध सोडलं की एक्स-रेवर नसा दिसतात. जिथे अडलंय तिथे फुगा फुगवून वाट मोकळी करतात आणि जाळीचा स्टेंट बसवतात. छाती उघडायची नाही, भूल फक्त मनगटापुरती. धोका किती आणि कसला, तेही लपवलं नाहीत. मी सही केली ती त्या बोलण्यावर.

आत नेण्याआधी तुम्ही अप्पांच्या मनगटावरच्या दोन्ही नसा अंगठ्यांनी दाबल्यात आणि मूठ आवळून उघडायला सांगितलंत. तळहात पांढराफटक पडला होता. करंगळीकडची नस सोडलीत आणि बघता बघता तळव्यावर लाली परत आली. "काका, हाताला दुसऱ्या नसेतून रक्त मिळतंय, आता अंगठ्याकडच्या नसेतून जाऊ." अप्पा तेवढ्या घाईतही ते निरखून बघत होते. हातानं काम करणाऱ्या माणसाला आपला हात शाबूत राहणार हे आधी कळायला हवं होतं. ते तुम्हाला कसं उमगलं, देव जाणे.

आतलं सगळं अप्पांनी नंतर सांगितलं. ते पूर्ण शुद्धीवर होते. तुम्ही त्यांच्या डोक्याशी उभ्या राहून प्रत्येक गोष्ट आधी सांगत होतात. आता मनगटात सुई टोचेल. आता छातीत ऊब वाटेल. आता फुगा फुगवतोय, थोडा वेळ जास्त दुखेल, घाबरू नका, लगेच सैल करतो. तसंच झालं, आणि फुगा उतरल्यावर छातीवरचा दाब कमी होत गेला. ज्या तारेवरून फुगा आत जातो ती मिलिमीटरच्या साधारण एक तृतीयांश जाडीची असते हे कळल्यावर अप्पांना फार नवल वाटलं. आयुष्य सुतात गेलेला माणूस. म्हणाले, "धागा तुटला की आम्हाला माग थांबवावा लागतो, यांनी चालत्या मागावर काम केलं."

घरी आल्यावर मी या उपचाराबद्दल मिळेल ते वाचलं. 1929 साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावात वेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरनं आपल्या दंडाच्या शिरेतून 65 सेंटिमीटर नळी स्वतःच्या हृदयापर्यंत नेली. वरिष्ठांची परवानगी नव्हती आणि निर्जंतुक साहित्य गेर्डा डिट्झेन नावाच्या नर्सच्या ताब्यात होतं. तिनं साहित्य दिलं ते प्रयोग आपल्यावरच होईल या समजुतीनं. त्यानं तिला टेबलाला बांधलं आणि नळी घातली मात्र स्वतःला. मग ती त्याच्याबरोबर एक्स-रेच्या खोलीपर्यंत गेली. 1956 चं नोबेल फोर्समन यांना आणि आणखी दोघा डॉक्टरांना मिळालं. गेर्डांबद्दल फार कुणी लिहीत नाही, आणि हे मला खटकतं. पुढे 16 सप्टेंबर 1977 ला झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरांनी छाती न उघडता हृदयाच्या नसेत पहिला फुगा फुगवला, तोही 38 वर्षांच्या जाग्या पेशंटवर. त्याच्याजवळ कोण उभं होतं, त्याच्याशी कोण बोलत होतं, हे मला वाचायला आवडलं असतं. पेशंट जागा असतो तिथे त्याच्याशी बोलणं हाही उपचारच आहे, असं मला अप्पांकडे बघून मनापासून वाटतं.

काम झाल्यावर डॉक्टरांना सांगून तुम्ही आम्हाला दोन चित्रं दाखवायला लावलीत. पहिल्यात काळी फांदी मध्येच तुटलेली. दुसऱ्यात तीच फांदी टोकापर्यंत भरलेली. 'उगाच स्टेंट टाकतात' म्हणणारे आमचे काका त्या पडद्यासमोर हात जोडून उभे राहिले.

मग नळी काढल्यावर रक्त थांबवायला मनगटावर बांधलेला तो हवेचा पारदर्शक पट्टा. सिरिंजनं थोडी थोडी हवा काढायची, रक्त येतंय का बघायचं, पुन्हा थांबायचं. तुमची ड्यूटी संपली होती असं मला दुसऱ्या सिस्टरनी सांगितलं, तरी तुम्ही शेवटची हवा काढूनच गेलात. जाता जाता शेजारच्या बेडवरच्या आजींना तेलुगूतून धीर दिलात. त्यांना मराठी फारसं उमगत नव्हतं.

सरकारी आरोग्य योजनेच्या कागदांचं दवाखान्यातल्या आरोग्यमित्रांनी, म्हणजे योजनेच्या मदतनीसांनी, बघितलं. 2017 साली सरकारनं औषधाचा लेप असलेल्या स्टेंटच्या किमतीवर 29,600 रुपयांची मर्यादा घातली, त्याआधी तो लाखाच्या वर जायचा, हेही मला तुमच्याकडूनच कळलं.

आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या त्या दोन गोळ्या! डिस्चार्जच्या वेळी तुम्ही अप्पांना जवळजवळ दटावलंत: "काका, बरं वाटलं म्हणून, कुणी सांगितलं म्हणून, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही. नव्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जीवावर बेतेल." दिवाळीनंतर अप्पांची दाढ दुखायला लागली. एका दवाखान्यात दाढ काढण्याआधी दोन्ही गोळ्या थांबवायला सांगितलं. अप्पा म्हणाले, "थांब, सिस्टर काय म्हणाल्या होत्या?" आम्ही आधी आपल्या डॉक्टरांना फोन केला. गोळ्या चालूच राहिल्या, दाढ दुसरीकडे काढली, बोळा जरा जास्त वेळ दाबून धरावा लागला, एवढंच.

अप्पा आता रोज सकाळी तलावाकाठी फिरतात, तंबाखू सुटली आहे. कारखान्यात कुणाच्या छातीत दुखलं की पहिल्यांदा ईसीजीला पाठवतात. पुढच्या महिन्यात टूडी इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, आम्ही येतोय. तुमची ड्यूटी असेल तर दोन मिनिटं भेटा. आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्यायची ठरवलीय, ती घ्यावीच लागेल.

तुमची कृतज्ञ,
अप्पांची थोरली मुलगी
सोलापूर