नवी प्रेस घेण्याआधी डाय बदलायचा वेळ मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लघुउद्योगांची चर्चा निघाली की वीजदर, कर्ज आणि थकलेली बिले यांवर बोलले जाते, ते रास्तच आहे. पण भोसरी, चाकण, वाळूज, सातपूरच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे प्रेसवर पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या कारखान्यांत, डाय (पार्टला आकार देणारा साचा) बदलताना मशीन किती वेळ बंद राहते, हे कोणी विचारत नाही. या बदलाला, म्हणजे सेटिंगला, दीड तास जातो, क्षमता अपुरी वाटते आणि कर्ज काढून आणखी एक प्रेस येते.

समजा, ग्राहक कंपनीला सहा पार्ट रोज प्रत्येकी ५०० हवेत. प्रेस मिनिटाला १५ नग काढते, म्हणजे ३,००० नगांना २०० मिनिटे. जेवणाची सुट्टी वगळता शिफ्टची ४५० मिनिटे हाती असतात. सहा सेटिंगना ९० मिनिटांप्रमाणे ५४० मिनिटे लागतील, म्हणजे शिफ्टच पुरत नाही. म्हणून एकेका पार्टचा दहा दिवसांचा, ५,००० नगांचा लॉट काढून ठेवतात. पैसा बिनमध्ये अडकतो, पावसाळ्यात माल गंजतो. पंचची (डायच्या कापणाऱ्या भागाची) धार जाऊन पार्टला बर (कडेला उरलेली धारदार कोर) आली असेल, तर ती पुढे वेल्डिंगला गेल्यावर दिसते. तोवर अख्खा लॉट निघालेला असतो. सेटिंग १५ मिनिटांत झाले, तर उत्पादनासह सगळे २९० मिनिटांत बसते, त्याच प्रेसवर.

जपानी उत्पादनतज्ज्ञ शिगेओ शिंगो यांनी टोयोटात १९६९ मध्ये १,००० टनी प्रेसचे चार तासांचे सेटिंग आधी दीड तासावर आणि मग ३ मिनिटांवर आणले. आपल्याला १५ मिनिटे गाठायला महागड्या हायड्रॉलिक क्लॅम्पचीही गरज नाही.

आधी एका सेटिंगचे मोबाइलवर पूर्ण चित्रण करावे. पाना शोधणे, क्रेनची वाट पाहणे, डायखालचे पॅकिंग जुळवणे, क्वालिटीवाल्याला बोलावून आणणे यातच बराच वेळ जातो, हे सेटरला (डाय बदलणाऱ्या कामगाराला) स्वतःलाच दिसते. पुढची डाय, पत्र्याची कॉइल आणि तपासणीचे गेज हे सगळे आधीचा लॉट चालू असतानाच प्रेसजवळ यायला हवे. त्यानंतर टूलरूमचे (डाय दुरुस्त करणाऱ्या विभागाचे) काम. डायला ग्राइंड केलेल्या प्लेट कायमच्या बोल्टने बसवून सगळ्यांची शट हाइट (बंद डायची उंची) एक करावी, म्हणजे रॅमची (प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाची) उंची दर वेळी जुळवावी लागत नाही. प्लेटने स्क्रॅप पडण्याची वाट मात्र अडवू नये. क्लॅम्पिंगच्या कडेची जाडीही सारखी ठेवावी. मग एकाच लांबीचे बोल्ट आणि एकच पाना पुरतो. बोल्स्टरवर (डाय बसते त्या पाटावर) मागे आणि बाजूला स्टॉपर लावले की सेंटर शोधत बसावे लागत नाही.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे लॉटचा शेवटचा नग. तो तपासून डायलाच बांधून ठेवावा. बर दिसली तर डाय रॅकवर न जाता थेट टूलरूमला जावी. नाहीतर पुढच्या वेळी डाय चढल्यावर दोष कळतो आणि ती पुन्हा उतरवावी लागते.

हा प्रयत्न बहुधा दोन कारणांनी फसतो. एक, वाचलेल्या वेळात लॉट लहान करण्याऐवजी तोच पार्ट आणखी काढला जातो आणि साठा वाढतो. दुसरे कारण अधिक गंभीर आहे: नुसते टार्गेट दिले की सेटर घाई करतो. मेन स्विच बंद, फ्लायव्हील (प्रेसचे जड चाक) पूर्ण थांबलेले आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक असल्याशिवाय डायमध्ये हात जाताच कामा नये. यात वाचवलेला एक मिनिटही कामगाराच्या बोटांवर बेततो.

राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतील सवलती प्रामुख्याने स्थिर भांडवली गुंतवणुकीशी जोडलेल्या आहेत. साहजिकच उद्योजक नव्या मशीनकडे वळतो. केंद्राच्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या लीन (उत्पादनातला अपव्यय कमी करण्याच्या) योजनेत सल्लागाराच्या शुल्काचा ९० टक्के भार सरकार उचलते. जिल्हा उद्योग केंद्रांनी आणि औद्योगिक संघटनांनी प्रेस शॉपच्या मालकांना एकत्र बोलावून ही योजना समजावून द्यावी. आणि त्या बैठकीला मालकासोबत सेटरलाही बोलवावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, भोसरी, पुणे