रायबंदरच्या धक्क्यावर भेटलेल्या भाईंना

आदरणीय भाई,

सप्रेम नमस्कार. फेरीबोट आली त्या घाईत आपले नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे उघडे पत्र.

गेल्या श्रावणात गोव्यातल्या रायबंदरच्या धक्क्यावर आपण माझ्या कॅमेऱ्याची लेन्स पाहायला मागितलीत, तेव्हा ती मी घेतल्यातच जमा होती. ७५-३०० मि.मी., जुनी, स्वस्त, आणि विकणाऱ्याच्या शब्दांत ‘काच एकदम स्वच्छ’. आपण दोन्ही झाकणे काढून मोबाइलचा टॉर्च तिरका धरलात आणि आतल्या काचेच्या कडेला पसरलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू मला दाखवलेत. ती बुरशी होती; आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते.

त्यानंतर आपण स्वतःची, स्टॅबिलायझर (कंप आवरणारी यंत्रणा) असलेली कॅनन ५५-२५० एसटीएम लेन्स माझ्या कॅनन १५००डी कॅमेऱ्यावर चढवलीत आणि धक्क्याच्या खांबाचे फोटो दोन्ही लेन्सनी १/६० सेकंदाच्या शटरवर काढायला लावलेत. माझ्या लेन्सच्या फोटोत खांब धूसर झाला होता, आपल्या लेन्सच्या फोटोत त्याला चिकटलेली कालवे मोजता येत होती. माझ्या कॅमेऱ्याच्या क्रॉप (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरच्या १.६ पटीमुळे ३०० मि.मी.चे दृश्य ४८० सारखे होते, हे मला ठाऊक होते; मात्र हाताचा कंपही त्याच पटीत मोठा दिसतो आणि स्टॅबिलायझर नसेल तर शटर १/५०० च्या आसपास ठेवावे लागते, हे कोणीच सांगितले नव्हते. खारफुटीच्या सावलीत तेवढा उजेड आणायचा कुठून? शिवाय आपल्या लेन्सच्या २५० चेही ४०० होतातच.

आपण आपल्या लेन्सच्या उणिवाही झाकल्या नाहीत. स्टॅबिलायझर हाताचा कंप आवरतो, पक्ष्याची हालचाल नव्हे, त्यामुळे उडत्या घारीला १/१००० हवेच. शिवाय उद्या कॅननचा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) डीएसएलआर घेतला तर ही ईएफ-एस, म्हणजे क्रॉप सेन्सरसाठीची, लेन्स त्यावर बसणार नाही. (माझी शिल्लक पाहता ही चिंता मी पुढच्या जन्मावर सोडली आहे.)

बुरशीची लेन्स मी परत केली, महिनाभराने वापरलेली ५५-२५० टॉर्च लावून पारखून घेतली, आणि आता ती सिलिका जेलसह हवाबंद डब्यात राहते. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात तिने टिपलेल्या खंड्याचा फोटो सोबत जोडला आहे. चोच किंचित हललेली दिसेल. ती पक्ष्याने हलवली, मी नव्हे.

आपला कृतज्ञ,
फोंड्याचा एक शिकाऊ छायाचित्रकार