मतांची बेरीज म्हणजे गुणवत्तेची क्रमवारी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत दूरदर्शनच्या जुन्या मालिकांमधील सर्वोत्तम २५ भागांची क्रमवारी प्रसिद्ध झाली असून ती वाचकांच्या ऑनलाइन मतदानातून तयार केल्याचे सोबत नमूद केले आहे. ज्या मालिकांवर आमची पिढी वाढली त्यांची दखल घेतल्याबद्दल आपले मनापासून आभार. तरीही ३१ वर्षे शाळेत गणित शिकविलेली शिक्षिका म्हणून, आणि त्या मालिका त्या त्या वेळी पाहिलेली एक प्रेक्षक म्हणून, या यादीविषयी काही लिहिल्यावाचून राहवत नाही. माझा आक्षेप कोणत्याही मालिकेच्या स्थानाला नाही. चाहत्यांच्या मतांची बेरीज करून तिला ‘सर्वोत्तम’ हे नाव देण्याला आहे.

मतदान चालू असतानाचा आमच्याच घरातला प्रसंग सांगते. माझ्या भाच्याच्या मोबाइलवर एका ग्रुपमधून निरोप आला की, ‘रामायण’चा एक भाग मागे पडत आहे, लगेच मत द्या. त्याने स्वतःच्या, आईच्या, आजोबांच्या आणि माझ्या अशा चार मोबाइलवरून दहा मिनिटांत चार मते दिली. त्या भागाबद्दल विचारले, तेव्हा त्याने तो पूर्ण पाहिलेला नव्हता, असे समजले. मुलाला मी दोष देत नाही, कारण व्यवस्थेने त्याला कोठेही अडविले नाही. शिवाय कोण पुढे आणि कोण मागे हे मतदान चालू असतानाच पडद्यावर दिसत होते, त्यामुळे भाग कसा होता हा प्रश्न बाजूला राहून आपला पक्ष जिंकविण्याची ईर्ष्या तेवढी उरली. घरटी एक मोबाइल आणि घरटी चार मोबाइल यांतला फरकही त्या आकड्यांत मिसळून गेला, तो वेगळाच.

ज्यांचे मत या यादीत नाही, त्यांच्याविषयी मला अधिक सांगायचे आहे. १९८७ मध्ये आम्ही सोलापूरच्या पूर्वभागात राहत होतो आणि आमच्या ओळीत दूरचित्रवाणी संच एकाच घरी होता. रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू होण्याआधीच शेजारच्या अक्का मांडीवर सूप घेऊन भिंतीशी येऊन बसत. घरी त्या तेलुगू बोलत, आमच्याशी मराठी बोलत आणि मालिका हिंदीतून पाहत. विडीसाठी मापाचा फर्मा ठेवून कात्रीने पान कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा गुंडाळायचा, हे सगळे पडद्यावरची नजर न हलविता चालू असे. हजार विड्या पुऱ्या करायच्या तर रविवार काय आणि सोमवार काय! राम वनवासाला निघाल्यावर दशरथ प्राण सोडतो, त्या भागात मात्र त्यांचे हात थांबले. सुपात कापलेले पान तसेच पडून राहिले आणि मालिका संपल्यावरही काही वेळ त्या उठल्या नाहीत. पुढे रावणवध आला, युद्धाचे भाग आले, ते सर्वांनी टाळ्या वाजवून पाहिले. पण अक्का आजही बोलतात ते दशरथाच्या त्या भागाविषयीच. आपल्या यादीत युद्धाचे दोन भाग आहेत, हा नाही. अक्कांकडे साधा, बटणांचा मोबाइल आहे आणि असे काही मतदान झाले हे त्यांच्या कानावरही नाही.

आपण होऊन मत द्यायला आलेल्यांवरून सर्वांचे मत ठरवू नये, हा संख्याशास्त्रातला जुना धडा आहे. १९३६ च्या अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. त्यांपैकी वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या, आणि रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार लँडन जिंकणार असा अंदाज साप्ताहिकाने छापला. प्रत्यक्षात लँडन यांना दोनच राज्ये मिळाली आणि त्यांचे प्रतिस्पर्धी, तत्कालीन अध्यक्ष रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले. नावे घेतली होती ती मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांतून, आणि त्यांतही उत्तर पाठविण्याची तसदी घेतली ती ज्यांना मनापासून काही सांगायचे होते त्यांनी. म्हणूनच ‘हजारो वाचकांनी भाग घेतला’ एवढ्या वाक्याने माझे समाधान होत नाही. संख्या मोठी असली की नमुना आपोआप बरोबर ठरत नाही.

आता खुद्द भागांच्या तुलनेकडे येते. ‘मालगुडी डेज’मधील बहुतेक कथा एकाच भागात पूर्ण होतात, तर ‘बुनियाद’चा एखादा भाग आधीच्या अनेक भागांवर उभा असतो. पहिला एकटा पाहून मत देता येते, दुसऱ्याचे मोल मागचे ठाऊक असल्याशिवाय कळत नाही. त्यात प्रत्येकाला एकच मत असल्यावर, ज्या मालिकेचे दहा भाग सारखेच सरस आहेत तिची मते दहा ठिकाणी फुटतात, आणि जिचा एकच प्रसंग गाजला तिची सारी मते एका जागी पडतात. अशा पद्धतीत चांगल्या मालिकेला तिचे चांगले असणेच नडते. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’चे एकूण ५३ भाग आहेत. महाराष्ट्रात मतदान घेतले तर नसीरुद्दीन शाह यांनी शिवाजी महाराजांची भूमिका केलेले भाग वर येणार, हे सांगायला मतदानाची गरज नाही. माझेही मत कदाचित तिकडेच गेले असते. पण त्यावरून उरलेले भाग कमी दर्जाचे होते असे ठरत नाही. ते किती मतदारांनी पाहिले होते, हे मोजले गेलेले नाही, एवढेच ठरते.

एकाच मालिकेची अशी मतदाने पुन्हा पुन्हा झाली की काय होते, याचे चांगले उदाहरण ब्रिटनच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे आहे. तिच्या चाहत्यांच्या मासिकाने १९९८ मध्ये कौल घेतला तेव्हा १९७५ ची ‘जेनेसिस ऑफ द डेलेक्स’ ही कथा पहिली आली. २००९ मध्ये १९८४ ची ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’ पहिली आली. २०१४ मध्ये पहिला मान ‘द डे ऑफ द डॉक्टर’ला मिळाला, आणि ही कथा २३ नोव्हेंबर २०१३ रोजी, म्हणजे वर्षही झाले नव्हते तेव्हा, मालिकेच्या पन्नाशीनिमित्त प्रसारित झाली होती. जुन्या कथांमधील एक चौकटही या काळात बदललेली नव्हती. बदलले होते ते मतदार आणि त्यांच्या आठवणीतले ताजेपण. त्याच मालिकेचे १९६० च्या दशकातील सुमारे शंभर भाग आजही उपलब्ध नाहीत, कारण बीबीसीने त्या काळी चित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या.

ही गोष्ट आपल्यालाही लागू आहे. मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ उभे केले, ते पाहिलेली माणसे आजही त्यांचे नाव निघताच खुलतात; परंतु आज विशी-पंचविशीत असलेल्या मतदाराने कधी न पाहिलेल्या त्या मालिकेला मत द्यायचे तरी कसे? उलट २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीत, ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ पुन्हा दाखविले गेले आणि एका नव्या पिढीने ते पाहिले. त्या पिढीचे प्रेम खरेच आहे. फक्त जे पाहायला मिळाले त्याला मत मिळाले आणि जे मिळाले नाही ते यादीतून गळले, ही नोंद यादीशेजारी असायला हवी होती.

आपण पुन्हा असे मतदान घेणार असाल, तर एका मोबाइलवरून एकच मत घ्यावे, एकूण मते किती पडली ते छापावे आणि निकाल मतदान संपेपर्यंत झाकून ठेवावा. मतदाराला एकच नाव विचारण्याऐवजी प्रत्येक भाग पाहिला आहे का, हे आधी विचारावे आणि पाहिलेल्या भागांनाच गुण द्यायला सांगावे. सरासरी काढताना चाळीस जणांनी दिलेले गुण आणि चार हजारांनी दिलेले गुण एकाच तराजूत तोलू नयेत. मते थोडी असतील तेथे त्या भागाची सरासरी सर्व भागांच्या एकूण सरासरीकडे ओढून घेण्याची सोपी रीत आहे, ती वापरावी. आणि शीर्षक ‘सर्वोत्तम’ न ठेवता ‘वाचकांच्या आवडीचे’ असे ठेवावे.

याखेरीज अंकात एक कूपनही छापावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे. अशोक चौक, साखर पेठ आणि विडी घरकुलात माझे बरेच जुने विद्यार्थी राहतात. त्यांना सोबत घेऊन मी घरोघरी जाईन, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे उत्तर त्यांच्यासमोर लिहून घेईन आणि सर्व कूपने आपल्या सोलापूर कार्यालयात आणून देईन. पहिले कूपन अक्कांचे असेल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर